एकोणचाळीस अंकांचा निकाल : एदुआर ल्युका आणि २^१२७ − १

१/ १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः यांखेरीज तिला कोणताही विभाजक नाही. १८७६ मध्ये एका फ्रेंच शिक्षकाने हे हाताने गणित करून जाहीर केले. पुढील ७५ वर्षे जगाला ज्ञात असलेली हीच सर्वांत मोठी मूळ संख्या होती. आजचा थ्रेड या संख्येविषयी आणि तिच्यामुळे उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाविषयी : जे कोणी प्रत्यक्ष तपासू शकत नाही, ते ‘सिद्ध झाले’ असे केव्हा म्हणावे?

२/ प्रथम संख्येचा आकार लक्षात घेऊ. आपल्या परंपरागत गणनेत एकं, दहंपासून सुरू होणारी नावे परार्धापाशी संपतात. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्ये. प्रस्तुत संख्या परार्धाच्याही पुढे २१ अंक जाते. मात्र तिची घडण अगदी साधी आहे. २ ला २ ने गुणत जाऊन १२७ वा घात काढावा आणि त्यातून १ वजा करावा, की ही संख्या मिळते. म्हणून ती २^१२७ − १ अशी लिहितात.

३/ २ च्या घातातून १ वजा केलेल्या संख्यांचे आकर्षण फार जुने आहे. ६ चे विभाजक १, २, ३ आणि त्यांची बेरीज पुन्हा ६. २८ चे विभाजक १, २, ४, ७, १४ आणि त्यांची बेरीज २८. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या खंडात दाखवले की २^न − १ ही संख्या मूळ असेल, तर तिला २^(न−१) ने गुणल्यास परिपूर्ण संख्या मिळते. सम परिपूर्ण संख्या केवळ याच मार्गाने मिळतात, हे अठराव्या शतकात ऑयलरने सिद्ध केले.

४/ साहजिकच प्रश्न उरला तो कोणत्या घातांकांना मूळ संख्या मिळते याचा. घातांक संयुक्त असेल, तर उत्तर नकारार्थीच असते. उदाहरणार्थ २^६ − १ = ६३; तिला ३ आणि ७ या दोहोंनी भाग जातो. म्हणून घातांक मूळ असणे आवश्यक आहे. परंतु तेवढे पुरेसे नाही. २^११ − १ = २०४७ ही संख्या २३ × ८९ अशी फुटते, हे १५३६ मध्ये हुडालरिकस रेगियस याने नोंदवले.

५/ आता १६४४ साली येऊ. पॅरिसमधील मारें मर्सेन हे मिनिम पंथाचे ख्रिस्ती भिक्षू. युरोपभरच्या विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार चाले आणि एकाचे संशोधन दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे काम ते करत. त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहिले की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी केवळ २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ यांनाच मूळ संख्या मिळते. बाकी सर्व संयुक्त. या संख्यांना ‘मर्सेन संख्या’ हे नाव मिळाले ते या यादीमुळे.

६/ यादीसोबत सिद्धता नव्हती, आणि ती असणे शक्यही नव्हते. पंधरा किंवा वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्यास सारा काळही अपुरा पडेल, अशा आशयाचे विधान स्वतः मर्सेन यांनीच केले आहे. तरीही यादीत २^२५७ − १, म्हणजे ७८ अंकी संख्या, निःशंकपणे समाविष्ट आहे. दावा विद्वानाचा होता आणि खोडून काढण्याचे साधन कोणाकडे नव्हते. त्यामुळे ही यादी दोन शतकांहून अधिक काळ टिकली.

७/ पडताळणीची जुनी पद्धत एकच : भाग लावून पाहणे. विभाजक असेल, तर त्यांतील एक संख्येच्या वर्गमुळाच्या आत सापडलाच पाहिजे. म्हणून तेथवर शोधायचे. इटलीच्या काताल्दीने याच मार्गाने २^१७ − १ आणि २^१९ − १ या संख्या मूळ असल्याचे दाखवले. पुढे १६४० मध्ये फर्माने शोधाचे क्षेत्र पुष्कळ आकुंचित केले. घातांक प हा २ पेक्षा मोठा मूळ असेल, तर २^प − १ चा प्रत्येक मूळ विभाजक ‘२प च्या पटीत १ मिळवून’ येणाऱ्या संख्यांमध्येच असतो. २०४७ चे २३ आणि ८९ पाहा : दोन्ही २२ च्या पटीपेक्षा १ ने अधिक आहेत.

८/ १७७२ मध्ये ऑयलरने २^३१ − १ = २१४७४८३६४७ ही संख्या मूळ असल्याचे कळवले. वर्गमूळ सुमारे ४६,३४१. फर्माच्या नियमाला आणखी एका नियमाची जोड दिल्यावर २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच उमेदवार म्हणून उरतात. त्यांची संख्या सुमारे ३७० भरते, आणि त्यांतही मूळ नसलेल्या गाळता येतात. काम कष्टाचे, पण एका माणसाच्या आवाक्यातले होते.

९/ १८११ मध्ये इंग्रज गणितज्ञ पीटर बार्लो याने लिहिले की २^३१ − १ पासून मिळणारी परिपूर्ण संख्या हीच बहुधा कधीही सापडू शकणारी सर्वांत मोठी ठरेल. अशा संख्या केवळ कुतूहलाच्या, निरुपयोगी असल्याने त्यापलीकडे कोणी जाण्याचा संभव नाही. आज हे मत हास्यास्पद वाटते. परंतु ऑयलरची पद्धत हीच एकमेव पद्धत असे धरले, तर बार्लोचा अंदाज मुळीच अवाजवी नव्हता.

१०/ तीच पद्धत २^१२७ − १ ला लावून पाहू. सर्व सवलती घेतल्या तरी तपासावयाचे उमेदवार २५ वर १५ शून्ये इतके उरतात. सेकंदाला एक भागाकार, रात्रंदिवस अखंड, असे धरले तरी सुमारे ८० कोटी वर्षे लागतील. म्हणजे अधिक परिश्रमाने येथे काहीही साधणार नव्हते. प्रश्नच निराळ्या रीतीने विचारणे भाग होते.

११/ तो विचारला एदुआर ल्युका यांनी. जन्म १८४२, आमियां. पॅरिसच्या वेधशाळेत नोकरी, १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तोफखान्यातील अधिकारी, आणि युद्धानंतर मूलां या गावी व पुढे पॅरिस येथे विद्यालयात गणिताचे शिक्षक. विद्यापीठातील मानाचे अध्यासन त्यांच्या वाट्याला कधी आले नाही. ‘टॉवर ऑफ हॅनोई’ हे चकत्यांचे कोडे त्यांचेच. १८८३ मध्ये त्यांनी ते टोपणनावाने बाजारात आणले.

१२/ या कोड्याचा प्रस्तुत विषयाशी जवळचा संबंध आहे. न चकत्या एका खांबावरून दुसऱ्या खांबावर नेण्यास किमान २^न − १ खेळ्या लागतात. कोड्याभोवती काशीच्या मंदिरातील ६४ सुवर्णचकत्यांची एक कल्पित कथाही गुंफली गेली : पुजाऱ्यांनी त्या हलवून संपवल्या की जगाचा अंत होणार. ६४ ऐवजी १२७ चकत्या घेतल्या, तर लागणाऱ्या खेळ्यांची संख्या नेमकी आपली एकोणचाळीस अंकी मूळ संख्या होईल.

१३/ ल्युका यांची दृष्टी बेरजेतून वाढणाऱ्या श्रेणींवर होती. १, २, ३, ५, ८, १३… या श्रेणीला फिबोनाचीचे नाव रूढ केले ते त्यांनीच. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. त्याच्या अर्धशतक आधी गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी छंदशास्त्राच्या संदर्भात हीच श्रेणी सांगितली होती. लघूची एक मात्रा, गुरूची दोन. तर चार मात्रांचा चरण किती प्रकारे बांधता येईल? पाच. पाच मात्रांचा? आठ. प्रत्येक उत्तर म्हणजे आधीच्या दोन उत्तरांची बेरीज.

१४/ याच नियमाने, पण १ आणि ३ पासून सुरुवात केली, तर १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७… ही श्रेणी मिळते. आज तिला ल्युका श्रेणी म्हणतात. तिच्यातील दुसरे, चौथे, आठवे, सोळावे पद वेचत गेल्यास ३, ७, ४७, २२०७… अशी मालिका हाती येते. तिचा नियम आश्चर्यकारकरीत्या सोपा आहे : पदाचा वर्ग करा आणि २ वजा करा. ३ चा वर्ग ९, वजा २, उरले ७. ७ चा वर्ग ४९, वजा २, उरले ४७.

१५/ ल्युका यांनी जी कसोटी शोधली, तिचा १२७ या घातांकाला लागू पडणारा प्रकार असा : ही मालिका चालवत राहा, मात्र प्रत्येक पायरीवर २^प − १ ने भागून केवळ बाकी ठेवा. (प − १) व्या पदाला बाकी शून्य आली, तर संख्या मूळ. शून्य आली नाही, तर संयुक्त. ३ पासूनची ही सुरुवात ४ ने भागल्यास ३ बाकी उरणाऱ्या घातांकांसाठी चालते; १२७ हा तसाच घातांक आहे.

१६/ लहान उदाहरणावर पडताळून पाहता येईल. प = ७, संख्या १२७. पदे : ३, ७, ४७, मग २२०७ ची बाकी ४८. ४८ चा वर्ग वजा २ = २३०२, बाकी १६. १६ चा वर्ग वजा २ = २५४, आणि २५४ म्हणजे १२७ ची दुप्पट. बाकी शून्य. सहाव्या पदाला शून्य आले, म्हणून १२७ मूळ. एकही विभाजक शोधावा लागला नाही.

१७/ आता प = ११, संख्या २०४७. बाक्या अशा येतात : ३, ७, ४७, १६०, १०३४, ६२०, १६०९, १४७१, १६०, १०३४. दहावे पद १०३४, शून्य नव्हे. म्हणजे २०४७ संयुक्त. येथे एक विलक्षण गोष्ट घडली आहे. संख्या फुटते हे निश्चित झाले, पण २३ आणि ८९ यांचा कोठेही उल्लेख नाही. निकाल लागला, आणि तोही साक्षीदाराला न बोलावता.

१८/ हे का घडते? संख्या मूळ असेल, तर त्या पदाला शून्य येणे अटळ असते, हे श्रेणीच्या गुणधर्मांवरून सिद्ध होते. उलट शून्य आले, तर त्या संख्येचा कोणताही मूळ विभाजक किमान २^प − १ एवढा, म्हणजे त्या संख्येइतकाच मोठा असावा लागतो. अर्थात ती संख्या स्वतःच मूळ. ८० कोटी वर्षांच्या भागाकारांची जागा १२५ वर्गांनी घेतली.

१९/ पण ते १२५ वर्ग एकोणचाळीस अंकी संख्यांचे होते. ल्युका यांनी येथे द्विमान पद्धतीचा, म्हणजे केवळ ० आणि १ यांनी संख्या लिहिण्याचा, आधार घेतला. १२७ घरे रुंद आणि तितकीच उंच अशा बुद्धिबळासारख्या पटाचे वर्णन त्यांनी केले आहे. घरात प्यादे असले तर १, नसले तर ०. गुणाकार म्हणजे ओळ एकेक घर सरकवून पुन्हा मांडणे. एका स्तंभात दोन प्यादी आली, की ती उचलून शेजारच्या स्तंभात एक ठेवायचे.

२०/ आणि भागाकार? तो करावाच लागत नाही. २^१२७ ला २^१२७ − १ ने भागल्यास बाकी १ उरते. म्हणून पटाच्या कडेबाहेर जाणारे प्यादे पहिल्या स्तंभात परत आणून ठेवले, की बाकी आपोआप निघते. जगातील सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येची गणना अशा रीतीने एका बैठ्या खेळाच्या पातळीवर उतरली. वेळ मात्र भरपूर आणि लक्ष अखंड हवे. एक प्यादे चुकले तर पुढचे सारे व्यर्थ.

२१/ १८७६ मध्ये ल्युका यांनी २^१२७ − १ मूळ असल्याचे जाहीर केले. त्याच पद्धतीने २^६७ − १ संयुक्त असल्याचेही सांगितले, आणि मर्सेनच्या यादीला पहिला तडा गेला. १८८३ मध्ये रशियातील धर्मोपदेशक इव्हान पेर्वुशिन यांनी २^६१ − १ मूळ असल्याचे दाखवले. ६१ तर यादीत नव्हताच. १९११ मध्ये ८९ आणि १९१४ मध्ये १०७ हे सुटलेले घातांकही अमेरिकेच्या आर. ई. पॉवर्स यांनी दाखवून दिले.

२२/ २^६७ − १ चे विभाजक १९०३ मध्ये अमेरिकी गणितज्ञ फ्रँक नेल्सन कोल यांनी सादर केले : १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. सांगतात की न्यूयॉर्कच्या त्या सभेत कोल एक शब्दही बोलले नाहीत. फळ्यावर एकीकडे २^६७ − १ काढले, दुसरीकडे हा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे जुळली : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. ते जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

२३/ येथेच दोन प्रकारच्या ज्ञानांतील भेद स्पष्ट होतो. कोल यांचा निष्कर्ष कागद-पेन्सिल असलेला कोणीही अर्ध्या तासात तपासू शकतो. ल्युका यांचा ‘मूळ आहे’ हा निष्कर्ष तपासायचा, तर संपूर्ण गणना पुन्हा करावी लागे, आणि पायरीपायरीच्या बाक्या त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नव्हत्या. शिवाय त्यांच्या काही सिद्धतांत उणिवा होत्या. मर्सेनच्या शब्दावर विसंबण्याऐवजी जग आता ल्युका यांच्या शब्दावर विसंबून होते.

२४/ तरीही फरक होता, आणि तो मूलभूत होता. मर्सेनने केवळ यादी दिली. ल्युका यांनी कसोटी दिली. दावा चुकीचा असेल तर तो कसा पकडायचा, याचा मार्गही दाव्यासोबत दिला होता. १८९१ मध्ये एका मेजवानीत फुटलेल्या ताटलीचा तुकडा गालाला लागला आणि त्या जखमेतून झालेल्या संसर्गाने ल्युका यांचे अकाली निधन झाले. वय ४९. २^१२७ − १ ची स्वतंत्र फेरतपासणी त्यांना पाहता आली नाही. ती १९१४ मध्ये फ्रान्सच्याच फोकांबेर्ग यांनी पूर्ण केली. निष्कर्ष अचूक होता. घोषणा आणि पडताळणी यांत ३८ वर्षांचे अंतर पडले.

२५/ १९३० मध्ये डेरिक हेन्री लेहमर यांनी कसोटीला भक्कम पाया दिला. सुरुवात ३ ऐवजी ४ ने केली, की ती २ वगळता प्रत्येक मूळ घातांकाला लागू पडते. आज ती ल्युका-लेहमर कसोटी म्हणून ओळखली जाते. २५७ हा घातांकही चुकीचा ठरला. १९४७ पर्यंत मर्सेनच्या मर्यादेतील सर्व घातांकांचा निवाडा झाला : दोन चुकीचे धरलेले, तीन सुटलेले, एकूण पाच चुका. यादी तपासून संपायला ३०३ वर्षे लागली.

२६/ ल्युका यांच्या संख्येचा उच्चांक मोडला तो १९५१ मध्ये. केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर मिलर आणि व्हीलर यांनी ७९ अंकी मूळ संख्या शोधली. गंमत अशी की ती २^१२७ − १ च्याच वर्गाला १८० ने गुणून त्यात १ मिळवून बनवलेली होती. ३० जानेवारी १९५२ रोजी लॉस एंजेलिसमधील स्वॅक संगणकावर रॅफेल रॉबिन्सन यांच्या प्रोग्रामने २^५२१ − १ आणि २^६०७ − १ या दोन मूळ संख्या एकाच दिवसात दिल्या. प्रोग्राममध्ये होती तीच कृती : वर्ग करा, २ वजा करा, बाकी ठेवा.

२७/ ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्याही अखेर ल्युका-लेहमर कसोटीनेच निश्चित केली गेली, आणि वेगवेगळ्या यंत्रांवर ती गणना पुन्हा करून पाहिल्यावरच जाहीर झाली. कोणत्याही आकाराची संख्या मूळ आहे की नाही हे व्यवहार्य पायऱ्यांत खात्रीने ठरवता येते, हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले. मात्र मर्सेन संख्यांसाठी ल्युका यांचाच मार्ग आजही अधिक जलद आहे.

२८/ शेवटी या संख्येचा आणखी एक गुणधर्म. २^२ − १ = ३, मूळ. २^३ − १ = ७, मूळ. २^७ − १ = १२७, मूळ. २^१२७ − १, ल्युका यांची संख्या, मूळ. ल्युका यांच्या घोषणेनंतर बेल्जियमचे गणितज्ञ कातालां यांनी ही साखळी दाखवून दिली. आता तिचा पुढचा दुवा : २ चा घात म्हणून ही एकोणचाळीस अंकी संख्याच घ्यावी आणि १ वजा करावा. ती संख्या मूळ आहे का? तिच्यातील अंकांची मोजदादच ३८ अंकी आहे. ती लिहून काढण्याएवढी जागा कोठेही नाही.

२९/ कसोटी आपल्याकडे आहे, आणि ती पूर्णपणे विश्वासार्ह आहे. परंतु तिला येथे १७ वर ३७ शून्ये इतक्या पायऱ्या लागतील. १६४४ च्या मर्सेनप्रमाणे यावरही कोणी ‘मूळ’ असा शेरा मारू शकेल, आणि तो खोडणारा कोणी भेटणार नाही. पण न खोडला गेलेला दावा आणि सिद्ध झालेला दावा एक नव्हेत, हे शिकायला गणिताला तीन शतके लागली. इतिहासाच्या साधनांनाही हाच नियम लागू पडतो : लेखकाचा अधिकार कितीही मोठा असो, पडताळणीची वाट खुली असेल तेवढेच विधानाचे वजन. (समाप्त)